पन्नाशीतील कामकरी स्त्री



इतिहासावर बोलण्याचा अधिकार मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, ज्या संध्याकाळी सभा नसे त्या संध्याकाळी. आणि तेही पुष्कळसे कायद्याच्या पुस्तकांचे, कारण लेबर कोर्टात कलम माहीत नसलेल्या माणसाची फार फजिती होते. तेव्हा मी जे सांगणार आहे ते थोडे कागदातले आणि थोडे डोळ्यांनी पाहिलेले असे मिसळीचे धान्य आहे. ते निवडून घेण्याचे काम आपले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत एक मोलकरीण आली. पाच घरची धुणीभांडी करते. त्यांतली दोन घरे तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाईचे गुडघे गेलेले. तिने विचारले, "दादा, ही वरची दोन घरं सोडली तर माझं नाव कामगारांतून जाईल का?" मी म्हटले, "मावशी, नाव कशाला जाईल? पण वय किती तुमचं?" तिने आधार कार्ड पुढे केले. त्यावर जन्मतारीख १ जानेवारी १९७५. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका १ जानेवारीला जन्मलेल्या असतात, नाहीतर १ जूनला. पहिली तारीख कार्ड काढणाऱ्याने दिलेली आणि दुसरी मास्तरांनी. मी विचारले, "हे खरं का?" तर म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची तेव्हा मी चालत होते, एवढं आई सांगायची." म्हणजे कागदावर बाई पन्नाशीची आणि अंगाने पंचावन्नची. सरकारी योजनेतले पैसे पंचावन्नाव्या वर्षी मिळतात. तिचे गुडघे आईच्या सांगण्याप्रमाणे चालतात, आणि योजना कार्डाप्रमाणे.

काम पुरते करावे की थोडे कमी करावे, हा प्रश्न तिने विचारला तो काही नवा नाही. पण तो आमच्या कामगार चळवळीच्या इतिहासात शोधू गेले तर सापडत नाही. कायद्याच्या पुस्तकांत पंचविशीतली कामकरीण पानोपानी भेटते. तिचे बाळंतपण, तिचा पाळणा, तिचे रात्रीचे येणेजाणे, याबद्दल कलमांवर कलमे आहेत, आणि ती असावीत यासाठी माणसे झगडली आहेत. परंतु तीच बाई मुले मोठी करून पन्नाशीला पोचली की पुस्तकातून नाहीशी होते. ती कुठे गेली, एवढेच मला आज शोधावयाचे आहे.

आरंभ १८९० पासून करतो. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा बोलावली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. मागणी मुख्यतः आठवड्याच्या सुटीची होती, आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रिया उठून बोलल्या. जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी आपण जे अंथरुणात लोळतो, त्यात त्या दोघींचा वाटा आहे, हे विसरू नये. त्या पंचविशीतल्या होत्या की पन्नाशीतल्या, हे कोणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही.

पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, कारखान्यांचा कायदा सुधारला आणि बायकांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांना अशी मर्यादा १९११ पर्यंत नव्हती. बायकांच्या रात्रपाळीला बंदी १८९१, १९११ आणि १९२२ अशा पायऱ्यांनी पक्की होत गेली. पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोराचा पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर आणले. हे सर्व योग्यच झाले. पण बघा, या सगळ्या मालिकेत बाई दिसते ती आई म्हणून, नाहीतर अबला म्हणून. कामगार म्हणून तिचेही वय वाढते, डोळे मंदावतात, हात जड होतो, ही गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही. बाळंतपणाचे आठवडे मोजले गेले. विटाळ जाण्याच्या वर्षांत अंगाची जी लाही होते, झोप उडते, त्याचा एक दिवसही कोणी मोजला नाही. मी भर सभेत हे बोलतो म्हणून कोणी रागावू नये. आमच्या मागण्यांच्या यादीतही ते कधी आले नाही, आणि ती यादी मीच कित्येक वर्षे लिहीत आलो आहे.

आता गिरणीत बायका काय काम करीत, ते सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे कळणार नाही. बहुतेक बायका दोन खात्यांत असत, वाइंडिंग आणि रीलिंग. वाइंडिंगमध्ये एका बॉबिनवरचे सूत दुसऱ्यावर चढवावयाचे आणि तुटलेला धागा गाठ मारून जोडावयाचा. रीलिंगमध्ये सूत फाळक्यावर घेऊन त्याच्या लडी करावयाच्या. दोन्ही कामे उक्ती, म्हणजे जेवढा माल तेवढा पैसा. या खात्यांवर बाईच मुकादम असे, तिला नायकीण म्हणत. कामावर घेणे, काढणे तिच्या हाती, आणि त्याबद्दल दस्तुरी घेण्यात ती पुरुष मुकादमाहून मागे नव्हती. पन्नाशीला पोचलेल्या बाईला गिरणीत बढतीची जागा होती ती ही एकच, आणि ती शंभरांत एखादीला मिळे.

उक्त्या कामाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. जुन्या काळी रीलिंगच्या बायका पुरुषांपेक्षा उशिरा येत आणि लवकर जात. मधे घरी जाऊन मुलाला पाजून येत. मालकाला त्याचे दुःख नव्हते, कारण माल कमी झाला तर पैसाही कमीच द्यावयाचा होता. म्हणजे आज ज्याला आपण अर्धवेळ काम म्हणतो ते या खात्यांत कोणताही कायदा नसताना चालू होते. म्हातारपणाकडे झुकलेली बाईही सहा तास बसे आणि सहा तासांचे घेऊन जाई. ही काही सुखाची गोष्ट होती असे मी म्हणत नाही. मजुरी इतकी तुटपुंजी होती की सहा तासांच्या पैशांत तिचे पोट भरत नसे. पण दार बंद नव्हते.

हे दार बंद झाले ते १९२८ नंतर. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईचा मोठा संप चालला, तो याच कारणासाठी: थोड्या माणसांत जास्त यंत्रे चालवावयाची मालकांची नवी पद्धत. संपाच्या इतिहासात साचेवाल्याचे दोनाचे तीन साचे झाले हे आपण वाचतो. वाइंडिंगमध्येही यंत्र बदलले, वेग वाढला आणि बायकांची संख्या घटू लागली. जलद यंत्रावर उशिरा येणारी आणि लवकर जाणारी बाई परवडत नाही. ते यंत्र उभे राहिले की त्याचे व्याज चालू राहते. त्यातून गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांवर गेल्या. रात्री बाईला ठेवता येत नाही, मग दिवसाही ती कशाला, असा हिशेब झाला. या शतकाच्या मागच्या शतकात, १९२० च्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांत एक बाई होती. स्वातंत्र्याच्या वेळी ती दहांत एकीच्या आसपास आली, आणि शेवटी शेवटी तर बोटांवर मोजण्याइतकी उरली. १९७४ साली स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा जो अहवाल सरकारला सादर झाला, त्यात संघटित उद्योगांतील ही घसरण नोंदलेली आहे.

या घसरणीचे कारण विचारले की सर्वजण बाळंतपणाचा भत्ता आणि पाळणाघर यांकडे बोट दाखवितात. मालक म्हणत, बाई महाग पडते. हे मला कधी पटलेले नाही. कारण पन्नाशीतली बाई बाळंत होत नाही, तिला पाळणा नको, तिचा हात तीस वर्षे मुरलेला असतो. तीच मालकाला सर्वांत स्वस्त पडावयास हवी होती. प्रत्यक्षात नवे यंत्र आले की पहिली घरी जाई ती हीच. म्हणजे सांगितलेले कारण एक आणि खरे कारण दुसरे. मालकाला बाई नको होती असे नाही. कमी वेळ बसणारे, स्वतःच्या गतीने चालणारे माणूस नको होते.

आम्हा चळवळवाल्यांनी तरी काय केले? त्या काळी बायकांत काम करणाऱ्या दोघींच्या आठवणी छापलेल्या आहेत; उषाबाई डांगे यांचे 'पण ऐकतं कोण?' आणि पार्वतीबाई भोर यांचे 'एका रणरागिणीची हकिकत'. तरुण कार्यकर्त्यांनी दोन्ही वाचावीत. संपात बायका पुढे होत्या हे त्यांवरून दिसते. परंतु संप मिटला, करार झाला, म्हणजे टेबलाशी बसणारे आम्ही पुरुषच. आणि आमची आठ तासांवर श्रद्धा अशी की आठांहून जास्त हा जुलूम आणि आठांहून कमी ही बेकारी. मधली गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती.

माझी आजी रीलिंगमध्ये होती. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेली, अकाली विधवा. जन्म मानमोडीच्या साथीच्या साली, म्हणजे १९१८ चा. गिरणीच्या हजेरीपटावर तिचे वय नायकिणीने अंदाजाने सांगितले होते. १९६८ च्या सुमारास ती पन्नास वर्षांची झाली. तोवर उभे राहून पाय सुजू लागले होते. घरात सांगत ते असे, की तिने खात्याच्या साहेबाकडे जाऊन विनंती केली, मला अर्धा दिवस काम द्या, अर्धा पगार द्या. साहेब म्हणाला, "पुरं काम करायचं असेल तर कर, नाहीतर हिशेब घे. गिरणी म्हणजे धर्मशाळा नव्हे." युनियनकडे ती गेली नाही. का गेली नाही, असे मी मोठेपणी वडिलांना विचारले. ते स्वतः युनियनचे कट्टर. ते म्हणाले, "गेली असती तरी काय सांगणार होतो? अर्ध्या पगाराची मागणी कुठं लिहितात का?"

दोन वर्षांनी तिने हिशेब घेतला. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, गिरण्यांना पहिल्यापासून लागू. त्यामुळे ती रक्कम तरी पदरात पडली. ग्रॅच्युइटीचा देशव्यापी कायदा व्हावयाचा होता, तो १९७२ मध्ये आला. हाती आलेल्या पैशांतून तिने दोन मोठी पातेली, एक परात आणि एक स्टोव्ह घेतला, आणि खानावळ सुरू केली.

गिरणगावातली खानावळ म्हणजे हॉटेल नव्हे. मुलूख सोडून एकटा आलेला गिरणीवाला महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जेवावयास असे, तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत, पंगतीने. आजीकडे चौदा जण होते. आता हिशेब करा. पहिली पाळी सकाळी सातची. तिच्यासाठी डबे सहाला तयार, म्हणजे आजी पहाटे साडेतीनला उठे. दुसरी पाळी साडेतीनला सुरू, तिचे जेवण दुपारी. ती पाळी मध्यरात्री सुटे, त्यांचे ताट झाकून ठेवून ती जागी. गिरणीत आठ तास होते, आणि आता पंधरा झाले. सगळी चाळ म्हणे, "बरं झालं, म्हातारीनं काम सोडलं." मी लहानपणी त्याच खोलीत वाढलो. तिला बसलेली मी पाहिली ती भाजी निवडतानाच.

हे एकट्या आजीचे नव्हते. गिरणगावात अशा खानावळवाल्या गल्लोगल्ली होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळजणी गिरणीतून बाहेर पडलेल्या किंवा कमी केलेल्या घरच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. हे मोठे काम झाले, आणि लाजेची गोष्ट ही की ते युनियनांच्या ध्यानात त्याआधी आले नव्हते. आम्ही खानावळवालीला कामगार समजतच नव्हतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. आजीने सहा महिने उधारीवर चौदांना जेवू घातले. मग एकेक जण गावी गेला. कोणी मनीऑर्डर केली, कोणी केली नाही. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. वह्यांतला उधारीचा हिशेब मला लिहावा लागे, म्हणून आकडे पाठ आहेत, पण ते येथे सांगत नाही. त्यांतले काहीजण आजही हयात आहेत.

गिरणीबाहेर येऊ. कोणी म्हणेल, गिरणीतल्या बाया अडाणी होत्या. शिकलेल्या बायकांचे तसे नव्हते. तेथे तर पन्नाशीपर्यंत पोचूच देत नसत. मुंबईच्या एका औषध कंपनीत नियम होता की नोकरीतल्या मुलीने लग्न केले की नोकरी संपली. युनियन भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९६५ साली न्यायालयाने तो नियम मोडून काढला. मालकाचे म्हणणे, लग्न झालेली बाई फार गैरहजर राहते. न्यायालयाने म्हटले, मुलांमुळे गैरहजेरी होत असेल तर ती मुले असलेल्या विधवेचीही होणार. मग तिला कशी चालवून घेता? एअर इंडियात हवाई सुंदरी पस्तिशीला निवृत्त, आणि त्याच विमानात जेवण वाढणारा पुरुष अठ्ठावन्नाला. तो खटला १९८१ साली निकालात निघाला. पहिल्या गरोदरपणी नोकरी जाण्याची अट न्यायालयाने रद्द केली, पण पस्तिशीची मर्यादा मूळ धरून राहिली. पन्नाशीतल्या बाईच्या हातून घेतलेला चहा प्रवाशाला कडू लागतो, असा काहीतरी सिद्धांत त्यामागे असावा.

१९६५ च्या त्या निकालाचा एक परिणाम फार उशिरा दिसला, आणि तेथे माझा संबंध येतो. निकालानंतर जी विशीतली मुलगी पॅकिंग खात्यात लागली ती लग्न होऊनही टिकली, आणि १९९० नंतर पन्नाशीला आली. या धंद्यात पन्नाशी गाठणाऱ्या बायकांची ही पहिलीच पिढी. १९९७ साली मी अशाच एका कारखान्यातल्या युनियनचा संघटक होतो. नाव सांगत नाही. तीन वर्षांचा करार चालू होता. कंपनी पगारवाढ चांगली देत होती, अट एकच: पट्ट्यावरून दर तासाला जेवढे डबे भरून निघत, त्याच्या दीडपट निघाले पाहिजेत. खात्यातल्या अकरा बायका पन्नाशीच्या घरात होत्या. त्या करारापूर्वी मला भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला सहा तासांची पाळी मागा. पगार त्या मानानं कापा. पण सहा तासांत आम्ही नवं प्रमाणही भरून देऊ." मी त्यांचे म्हणणे वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतले. बैठकीत ते काढलेच नाही. मला वाटले, आज सहा तास कापलेल्या पगाराने मागितले तर उद्या कंपनी सगळ्यांनाच तसे करील. वाढ मिळाली, पेढे वाटले. वर्षभरात त्या अकरांपैकी नऊजणींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा हा शब्द कोणाचा आहे ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांतली एक दारात भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, "भाऊ, वाढ पोरींना मिळाली. आमचं पान वहीतच राहिलं." तिला माझी वही आठवत होती.

माझी भीती खोटी होती असे नाही. सरकारनेच ती खरी करून दाखविली आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला अंगणवाडीची योजना सुरू झाली. हजारो बायकांना कामावर घेतले आणि सांगितले की हे अर्धवेळ काम, याला पगार नाही, मानधन. त्याच बायका दिवसभर मुले, गरोदर बाया, लशी, नोंदवह्या सांभाळत पन्नाशी-साठीला पोचल्या. १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा त्यांना लागू होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये सांगितले, आणि हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणे मान्य केले नाही. म्हणजे मालकाने दिलेले अर्धवेळ काम हे एक, आणि कामकरणीने मागितलेले दुसरे. पहिल्यात काम पुरते आणि दाम अर्धा. दुसरे आम्ही कोणी देऊन पाहिलेच नाही. हा फरक १९९७ साली मला कळला असता तर बरे झाले असते.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांत हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने सुटला आहे, की बुडाला आहे, हे आपणच ठरवा. विडी वळण्याचा हिशेब हजारावर असतो. कारखान्याच्या शाखेतून तेंदूपान, तंबाखू आणि दोरा आणावयाचा. पान भिजवून, पत्र्याच्या मापाने कातरून, तंबाखू भरून वळावयाचे, दोरा गुंडाळावयाचा, तोंड मुडपावयाचे. दुसऱ्या दिवशी माल दिला की तपासणारा त्यातल्या खराब म्हणून काढतो, त्यांचे दाम नाही. तरुण हात दिवसात हजार वळतो. पन्नाशीत मान धरते, बोटे आखडतात, चष्म्यातूनही पानाची शीर नीट दिसत नाही; मग तीच बाई पाचशेवर येते. येथे कोणाची परवानगी नको. १९६६ च्या विडी कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले होते. १९७७ पासून प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. मालक न्यायालयात गेले आणि घरी काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत हरले.

परंतु कार्ड एकाच बाईच्या नावावर असते. सासू पाचशेवर आली की उरलेले पाचशे सून वळते, कधी शाळेतून आलेली नातही. कार्डावर हजारच दिसतात. सासूच्या नावे फंड जमतो, सुनेच्या नावे काही नाही. उद्या सासू अठ्ठावन्नची झाली, पेन्शन सुरू झाले, की सून चाळिशीला आलेली असते, आणि कागदावर तिने आयुष्यात एकही विडी वळलेली नसते. १९९५ च्या योजनेतले पेन्शन म्हणजे तरी काय. किमान हजार रुपये हा आकडा ठरावयास २०१४ चा सप्टेंबर उजाडला. त्याआधी महिन्याला दोन-चारशे रुपये घेणाऱ्या विडीवाल्या बायका मी बँकेच्या पायरीवर पाहिल्या आहेत. रिक्षाचे भाडे वाचावे म्हणून दोन महिन्यांचे एकदम काढावयास येत.

एका सोलापूरच्या मावशीला मी विचारले, तुम्ही काम कमी केलंत ते बरं वाटलं का? ती तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाली, "कमी कुठं केलं? माझ्यातलं काढून सुनंवर टाकलं."

मोलकरणींचा इतिहास येथे थोडक्यात सांगतो. त्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हावे. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजारपणाची रजा, पगारवाढ, माणुसकीची वागणूक, अशा मागण्या. तेव्हा थोरामोठ्यांच्या घरी केवढी त्रेधा उडाली होती ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २००८ मध्ये, महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ या वयात नोंदणी, आणि ज्या नोंदणी झालेल्या बाईने वयाची पंचावन्न वर्षे पुरी केली तिला सन्मानधन म्हणून एकदाच दहा हजार रुपये.

ही रक्कम हास्यास्पद आहे, हे मी सांगावयास नको. तरीही हा आकडा माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १८९१ पासून आजवर मी वाचलेल्या सगळ्या कामगार कायद्यांत आणि योजनांत, पन्नाशीतल्या कामकरणीचे वय पाहून तिच्याकडे वळून बघितलेले मला आढळले ते येथे. आणि ते कोणत्या कामाच्या बाबतीत, तर ज्या कामात बाई खरोखरच एकेक घर सोडून आपले काम कमी करू शकते त्या. गिरणीत पुरे किंवा काहीच नाही. विडीत कमी करावयाचे ते सुनेच्या बोटांनी. मोलकरणीला मात्र पाचाची तीन घरे करता येतात. फक्त त्या दोन घरांचे पैसे कोठून यावेत, याचे उत्तर त्या दहा हजारांत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या, आणि मी ज्यांची नावे घेतली ते कारखान्यांचे नि विडीचे जुने कायदे इतिहासजमा झाले. बाईला तिच्या संमतीने रात्रपाळी करता येईल. चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी व्हावयाची आहे. तपासणी अवश्य व्हावी. तपासणीत गुडघे गेलेले निघाले तर पुढे पुरे काम की थोडे, आणि थोडे तर किती पैशात, हे कलम मी चष्मा लावून शोधले. मीही आता पन्नाशीच्या मध्यावर आहे. मला लोक अनुभवी म्हणतात. माझ्याच वयाच्या बाईला थकली म्हणतात.

त्या पाच घरांच्या मावशीचे सांगावयाचे राहिले. जन्मतारीख दुरुस्त करण्यासाठी आम्ही अर्ज केला. शाळेचा दाखला मागितला, ती शाळेत गेली नव्हती. ग्रामपंचायतीत त्या सालच्या नोंदी सापडल्या नाहीत. शेवटी डॉक्टरचा वयाचा दाखला जोडला, तो अजून तपासणीत आहे. तिने दोनांपैकी एक घर सोडले, चौथ्या मजल्यावरचे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांचे कोणी करणारे नाही म्हणून ते ठेवले. दर पंधरा दिवसांनी ती कचेरीत येऊन विचारते, "दादा, झाले का माझे पंचावन्न?"